मार्च २०२० कुठाय?

मागे एकाने नवागामच्या जुन्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. लूमच्या खडखडाटाच्या आणि उधना स्टेशनच्या आठवणी इतरांनी लिहिल्याच आहेत. मी जरा अलीकडची लिहितो, आणि ती माझ्याच मूर्खपणाची आहे.

आमचा नातू इंजिनिअर. आमच्या खान्देशातून आलेल्या घरात समीकरणं सोडवणारा पहिलाच. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "आबा, ऑप्शन विकायचे. निफ्टी आठवड्यात फार वर किंवा फार खाली गेला नाही की प्रीमियम आपला." त्याने मला इंडिया व्हिक्सचं गणित शिकवलं. वर्षात बाजाराचे दिवस साधारण २५२, त्याचं वर्गमूळ जवळजवळ १६. व्हिक्स २१ असेल तर भागिले १६, म्हणजे दिवसाची नेहमीची हालचाल १.३ टक्के. मी बी.कॉम., पण हे डोक्यात बसलं. खरं सांगतो, मजा आली.

मग त्याने निकाल दाखवला. जानेवारी २०२१ पासून शंभरातले नव्वदच्या वर आठवडे नफ्याचे. मी विचारलं, "मार्च २०२० कुठाय?"

"आबा, तो कोविड होता. अपवाद. धरला तर सगळं गणित बिघडतं."

२३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला होता. बँकेत कर्जदार ताळेबंद घेऊन यायचे आणि वाईट वर्ष आलं की म्हणायचे, "साहेब, ते वर्ष धरू नका." मी नेमकं तेच पान आधी उघडायचो. आणि इथे मी काय केलं? वरच्या स्लॅबसाठी ठेवलेली ४ लाखांची एफडी मोडली. सौ. दोन दिवस बोलली नाही. पोरगं हुशार आहे याचंच मला कौतुक. चार लाख त्याने स्वतःचे घातले.

मे महिना बरा गेला. सोमवारी ३ जूनला एक्झिट पोलमुळे निफ्टी ७३३ अंक चढून २३,२६३ वर. त्याने २२,५०० चे पुट आणि २४,००० चे कॉल विकले, दहा लॉट, तेव्हा लॉट २५ चा. गुरुवारची एक्सपायरी. प्रीमियम ३५ हजारांच्या आसपास.

मंगळवारी निकाल. मी टीव्हीवर जागा मोजत होतो, तो अंक मोजत होता. दुपारी निफ्टी २१,३०० च्याही खाली जाऊन आला. बंद होताना घट ५.९३ टक्के. रोजच्या १.३ च्या साडेचार पट! घंटेच्या आकाराच्या त्या वक्ररेषेप्रमाणे असा दिवस माणसाच्या जन्मात दिसू नये. आम्हाला चार वर्षांत असे एकाहून जास्त दिसले, त्यातला एक तर याच्या दुप्पट. मार्जिन कमी पडलं, भरायला पैसे नव्हते, ब्रोकरने सौदा कापला. प्रीमियम वजा जाता सव्वादोन लाख गेले.

पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढची. गुरुवारी ६ जूनला निफ्टी २२,८२१ वर बंद झाला. म्हणजे पुट शून्य, कॉलही शून्य. सौदा टिकला असता तर ३५ हजार पूर्ण आमचे. नातू रडवेला होऊन म्हणाला, "आबा, माझं गणित बरोबर होतं."

दोन दिवस मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, "बरोबर होतं रे. पण गुरुवारपर्यंत पोहोचायला पैसे लागतात, ते गणितात धरले नव्हतेस." दहाऐवजी तीन लॉट विकले असते तर तोच मंगळवार आम्ही निभावला असता. किती लावायचं, हे काय विकायचं याच्या आधी यायला हवं होतं. ज्यांच्या नावाने ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र ओळखलं जातं, त्यातल्या शोल्सना १९९७ मध्ये मर्टनबरोबर नोबेल मिळालं. दोघं ज्या फंडात भागीदार होते तो १९९८ मध्ये बुडाला. कर्ज काढून सौदे अवाढव्य केले होते. तेव्हा आमच्या पोराला काय नावं ठेवायची!

त्याच सप्टेंबरात सेबीचा अभ्यास आला: तीन वर्षांत एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. मी कात्रण त्याच्या टेबलावर ठेवलं, बोललो काही नाही.

आता दर महिन्याच्या ५ तारखेला तो माझ्या खात्यात ५ हजार टाकतो. मी नको म्हटलं, ऐकत नाही. वहीत नोंद करतो. परवा नवीन प्रोग्राम घेऊन आला. तक्त्याची पहिलीच ओळ मार्च २०२० ची. मी अजून होय म्हटलेलं नाही. सौ. म्हणते, म्हणणारच आहात.