घडीच्या सायकलवरून

मंडळी, जपानहून येऊन बरेच दिवस झाले. "अण्णा, प्रवासवर्णन कधी लिहिणार?" असं भाचे-पुतणे फोनवर विचारत असतात. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा सायकल राहिली बाजूला आणि भलतंच आठवत बसलो. आज ठरवलं, ते भलतंच सायकलीसकट लिहून टाकायचं.

2024 च्या नोव्हेंबरात मी टोकियोला मुलाकडे होतो. वय 74. त्यांच्या घरात दाराशीच दोन घडीच्या सायकली उभ्या असतात. चाकं वीस इंची, म्हणजे आपल्याकडे पाचवी-सहावीतली पोरं चालवतात तेवढी. दांडीच्या मधोमध खटका असतो. तो उघडला की सायकल पुस्तकासारखी मिटते. मग हँडल खाली, सीट आत, पायडल आडवं. वजन बारा किलोच्या आसपास. मी वाळूजहून शेजारच्या गावच्या शाळेत तीस वर्षं 24 इंची ऍटलसवरून गेलेला माणूस. 1985 साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे शिफ्ट सुटली की हँडलला डबे अडकवलेल्या सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, आणि त्यातून उलट दिशेनं वाट काढणारा मास्तर मीच असायचो. ही खेळणी बघून मला हसू आलं.

मुलानं दोन दिवसांच्या सफरीचा बेत केला होता. त्याची सायकल मला, त्याला भाड्याची. ऐनवेळी त्याला ऑफिसनं सोडलं नाही. "तुम्ही दोघं जा," म्हणाला. दोघं म्हणजे मी आणि सूनबाई.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. नातेवाइकांना ते ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

2016 साली मुलानं टोकियोतल्या जपानी मुलीशी लग्न केलं. मी गेलो नाही, आणि हिलाही जाऊ दिलं नाही. फोनवर मुलाला म्हणालो होतो, "माझ्या गळ्यात माळ आहे. तिच्या हातचं मी जेवणार नाही." माळ होती, हे खरं. आमच्या वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला पहाटेपासून रांगेत उभा राहणारा मी माणूस. पण माळ ही सबब होती, हे मला तेव्हाही कळत होतं. 2022 मध्ये ही गेली. सुनेला तिनं पाहिलं ते फक्त फोनच्या पडद्यावर.

असो. दोन वर्षांनी मुलानं तिकीट पाठवलं आणि मी गेलो. पण पहिले दहा दिवस स्वतःच मुगाची खिचडी करून खात होतो. सुनेला "तुम्ही" म्हणत होतो. आपल्या घरांत सुनेला कोण अहो-जाहो करतं? परक्या बाईशी बोलावं तसं बोलायचो, झालं.

तर आम्ही निघालो. जपानमध्ये रेल्वेत सायकल उघडी नेता येत नाही. घडी घालून किंवा चाकं काढून ती पूर्ण पिशवीत घालावी लागते. या प्रकाराला तिकडे 'रिंको' म्हणतात. उएनो स्टेशनवर तिनं दोन्ही सायकली मिनिटाभरात मिटल्या. मी पिशवीचं तोंड धरून उभा. शाळेत पोरांकडून कामं करून घेणारा मी, आता मला काम सांगितलं जात होतं.

जोबान लाइननं तासाभरात इबाराकी प्रांतातलं त्सुचिउरा आलं. शेजारी कासुमिगाउरा, जपानातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. काठाला मैलोगणती कमळाची शेतं. कमळकाकडी पिकवण्यात हा प्रांत जपानात पहिला. नोव्हेंबरात पानं वाळून काळपट झालेली. माणसं छातीपर्यंत रबरी कपडे घालून चिखलात उभी असतात, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं गाळ मोकळा करतात आणि लांबलचक कांदे वर ओढतात. सुनेनं डब्यातून आणलेल्या कमळकाकडीच्या चकत्या पुढे केल्या. तेलावर परतून सोयाचं पाणी, साखर आणि तीळ घातलेले. "मासा नाही, बाबा," ती म्हणाली. तिचं मराठी एवढंच, तुटक. एक चकती घेतली. कुरकुरीत लागली, तिळाचा वास छान. डबा संपला. मीच संपवला.

त्सुचिउराहून इवासेपर्यंत पूर्वी त्सुकुबा लाइन होती, चाळीस किलोमीटरची. 1987 साली ती बंद पडली. रूळ काढून त्या जागी सायकलींसाठी पक्का रस्ता केला. आगगाडीचाच मार्ग तो, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. काही जुन्या स्टेशनांचे फलाट तसेच ठेवलेत, त्यावर बसून डबा खायचा. एका बाजूला भाताची कापलेली शेतं, झाडांवर पानं गळून गेलेली आणि नुसती केशरी तेंदूफळासारखी काकी फळं लटकलेली, समोर त्सुकुबा डोंगर. उंची 877 मीटर, पण सपाटीवर एकटाच असल्यानं मोठा वाटतो. लहान चाकांमुळे पाय भराभर फिरवावे लागतात आणि दर अर्ध्या तासानं भूक लागते. होजो गावच्या तांदळाचं तिकडे नाव आहे. त्या भाताचे आंबट उमेबोशी घातलेले गोळे आम्ही फलाटावर बसून खाल्ले.

ती पुढे, मी मागे. खड्डा आला की ती डावा हात खाली करून खुणावायची. मराठी नको, इंग्रजी नको, जपानी नको. सायकलवर बरं असतं, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

विश्रांतीला बसलो असताना तिनं एक गोष्ट सांगितली. 1929 साली जगप्रदक्षिणेला निघालेलं जर्मन झेपेलिन कासुमिगाउराला उतरलं, तेव्हा पाहुण्यांना इथल्या बटाट्यांची करी वाढली होती म्हणे. म्हणून त्सुचिउरा आज स्वतःला करीचं गाव म्हणवतं. करी म्हटल्यावर माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. मी रासबिहारी बोसांचं नाव घेतलं. ती एकदम म्हणाली, "नाकामुराया!"

रासबिहारी मी तीस वर्षं शिकवले. 1912 चा दिल्लीचा बॉम्ब, 1915 मध्ये जपान, 1943 मध्ये आझाद हिंद चळवळीची सूत्रं सुभाषबाबूंच्या हाती. परीक्षेला एवढंच पुरतं. मधला भाग धड्यात नव्हता, आणि मीही कधी शोधला नाही. जपान सरकारनं देश सोडायला सांगितल्यावर शिंजुकूतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा पती-पत्नीनं त्यांना आपल्या आवारात लपवलं. 1918 मध्ये आपली लेक तोशिको त्यांना दिली. 1925 मध्ये तोशिको गेली, तरी जावई घरचाच राहिला. 1927 मध्ये त्याच दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू झाली. आजही ती मिळते.

ती मोबाइलवर शोधून, शब्द जुळवून हे सांगत होती आणि मी फलाटाच्या कडेला पाय सोडून ऐकत होतो. भाषा वेगळी, धर्म वेगळा, मागे पोलिसांचा ससेमिरा, अशा माणसाला त्या लोकांनी मुलगी दिली. आणि माझ्या मुलानं सरळमार्गी, नोकरी करणारी मुलगी केली तर मी माळ पुढे केली होती. मी काही बोललो नाही. सायकलीची हवा तपासल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इवासेच्या अलीकडे एका लहानशा दुकानासमोर तिनं सायकल थांबवली. सोबाचं दुकान. सोबा म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया. नोव्हेंबरात तिकडे नव्या पिकाचा सोबा निघतो. थंड शेवया बांबूच्या चटईवर येतात, त्या वाटीतल्या सोयाच्या सारात बुडवून खायच्या. अडचण त्या सारात असते. सुकवलेल्या माशाच्या उकळाशिवाय ते सहसा होत नाही, आणि त्यात गोडीसाठी मिरिन, म्हणजे एक प्रकारची दारूच.

मला बाहेर बाकावर बसवून ती आत गेली. काचेतून दिसत होतं. मालकीण आजीबाईंपुढे ती कमरेत वाकली, काही बोलली, पुन्हा वाकली. मग पाठीवरच्या पिशवीतून एक बाटली काढली. तिकडे दुकानात बाहेरचं खाणं नेणं असभ्य समजतात, हे मुलानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आजीबाईंनी बाटली उघडून वास घेतला, दोन प्रश्न विचारले, आणि मान डोलावली. ते सार त्यांनी आपल्या चांगल्या वाटीत ओतून, माझ्यासमोर दोन्ही हातांनी ठेवलं.

बाटलीत समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या अळंब्यांचं रात्रभर भिजवलेलं पाणी होतं, सोया होता, मिरिनऐवजी साखर. "हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आईंनी," ती म्हणाली. "फोनवर. मासा नाही, दारू नाही. मी लिहून घेतलं. 2017."

म्हणजे ही वही सात वर्षं तयार होती. आमच्या हिनं मला पत्ता लागू दिला नव्हता.

शेवटी आजीबाईंनी शेवया उकळलेलं गरम पाणी आणून दिलं. उरलेल्या सारात ते ओतून प्यायचं असतं, आपण भाताची पेज पितो तसं. मी प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं, ते वाफेनं आलं असं म्हणायची सोय होती.

इवासे स्टेशनवर ती सायकली मिटायला लागली. मी म्हणालो, "अगं थांब, माझी मी मिटतो." 'अगं' तिला कळलं की नाही, माहीत नाही. तिनं खटका कुठे आहे ते फक्त बोटानं दाखवलं.

येत्या आषाढीला दोघं वाळूजला येताहेत, दोन्ही सायकली घेऊन. छोट्या पंढरपूरला मी आणि सूनबाई सायकलवर जाऊ म्हणतो. नात्यातल्या मंडळींना एकच सांगणं. "तुम्ही लोक तिकडे काय काय खाता गं?" असं तिला विचारू नका. जेवायला काय करू, एवढंच विचारा. आणि ती स्वयंपाकघरात आली, तर तिला आत येऊ द्या.