घरून काम, पण शिकायचं कुठून?

जुन्या मद्रास रोडने केआर पुरम मागे टाकलं, बूदिगेरे क्रॉस ओलांडला की होसकोटे येतं. बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बेंगळुरू आणि कोलारबरोबर हा मुलूखही होता. आज इथे व्होल्वोचा कारखाना आहे, ई-कॉमर्सची गोदामं आहेत, रविवारी भल्या पहाटे दम बिर्याणीसाठी लागणाऱ्या रांगा आहेत आणि नव्या लेआउटांमध्ये घरून काम करणारी आयटीतली माणसं आहेत. आयटी कंपन्यांचं व्हाइटफील्ड नकाशावर जवळ दिसतं, पण सकाळी नऊला निघणाऱ्याला त्या जवळपणाचा काही उपयोग होत नाही. म्हणून २०२० नंतर ज्यांना घरून कामाची मुभा मिळाली, त्यांच्यातल्या काहींनी शहरातलं भाड्याचं घर सोडून इकडे हक्काचं घर घेतलं. मी त्यांच्यातलीच एक.

मूळची निपाणीची. बॅकएंड सॉफ्टवेअर लिहिते, टीम सांभाळते, भरतीच्या मुलाखती घेते. टीममधलं कोणी कराडला आहे, कोणी सोलापूरला, कोणी हुबळीला. घरून कामाने मला पुष्कळ दिलं. प्रवासाचा वेळ वाचला, मुलाची शाळा सुटते तेव्हा मी दारात असते, आई आजारी पडली तेव्हा निपाणीला बसून नोकरी करता आली. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरी या लेखात मला बाजू मांडायची आहे ती कॉलेजमधून बाहेर पडून थेट आपल्या खोलीत लॅपटॉप उघडून नोकरीला लागलेल्या मुलामुलींची. घरून काम अनुभवी माणसाला वेळ देतं, पण नवख्याचं शिक्षण तोडतं. ते शिक्षण कोणी मुद्दाम उभं केलं नाही, तर आपल्यासारख्या बाजारात ही पद्धत आधीच शिकून तयार झालेल्यांची सोय होऊन बसेल.

तार जिथे, काम तिथे

ऑफिसला न जाता दूरसंचाराच्या आधारे काम करावं, ही कल्पना अमेरिकेत जॅक निलस यांनी १९७३ मध्येच मांडली होती. तेलटंचाईचा काळ होता, शहरांतली वाहतूक तुंबलेली होती. आपल्याकडे मात्र आयटी उद्योग उभा राहिला तो नेमका उलट्या पायावर. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळुरूला आली, तेव्हा परदेशाशी जोडणीसाठी तिला स्वतःची उपग्रह यंत्रणा उभारावी लागली. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची संस्था स्थापन झाली आणि लहान कंपन्यांनाही अशी जोडणी वाटून घेता येऊ लागली. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. जगाशी जोडणारी तार ज्या इमारतीत उतरायची, त्या इमारतीत माणसं जमायची. इलेक्ट्रॉनिक सिटी, आयटीपीएल, हिंजवडी, सगळी त्याच हिशेबाने वाढली.

पुढे घरोघरी फायबर पोचलं, पण नियम इमारतीलाच धरून राहिले. बीपीओसारख्या सेवांसाठी दूरसंचार विभागाची वेगळी नोंदणी लागत असे आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचं तर अटी इतक्या जाचक होत्या की सहसा कोणी त्या वाटेला जात नसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि काही दिवसांत कंपन्यांनी ऑफिसातले डेस्कटॉप गाड्यांत भरून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या अटी कायमच्या सैल झाल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठी घरून कामाचा नियम जुलै २०२२ मध्ये आला.

टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी एक चतुर्थांशाहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत. त्याच टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. इतर मोठ्या कंपन्यांनी आठवड्यातले किंवा महिन्यातले काही दिवस ठरवून दिले. याचं कारण लोक व्यवस्थापकांच्या संशयी स्वभावात शोधतात. तेही असेल. पण त्याखाली एक खरा प्रश्न आहे आणि तो शिकण्याचा आहे.

रात्री पडणारी टेस्ट

आमच्या धंद्यात रोज घडणारा एक प्रकार सांगते. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने दिवसभराच्या ऑर्डरींची बेरीज करणारा कोड लिहिला. सोबत तो बरोबर चालतो का हे तपासणारी टेस्ट लिहिली. तिच्या मशीनवर टेस्ट पास. सर्व्हरवर दुपारी चालवली, पास. रात्री दोनच्या आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये मात्र तीच टेस्ट पडते. सकाळी पुन्हा पास. तिने कोड तपासला, डेटाबेस तपासला, लायब्ररीची आवृत्ती बदलून पाहिली. दोन दिवस गेले. रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, ती म्हणत राहिली, “चालू आहे मॅम, आज होईल.”

शेवटी मी तिला स्क्रीन शेअर करायला सांगितलं आणि लॉगमधल्या वेळा पाहिल्या. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर होतं आणि टेस्टमधली ‘आजची तारीख’ भारतीय वेळेवर. आपण साडेपाच तास पुढे आहोत. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे पाच तारीख लागलेली असते आणि सर्व्हरवर अजून चारच असते. या मधल्या वेळात टेस्ट चालली की पडणारच. मला ते ओळखायला फार वेळ लागला नाही, कारण माझ्या पहिल्या नोकरीत शेजारी बसणाऱ्या एका ज्येष्ठाने जाता जाता माझ्या पडद्यावर नजर टाकून, “टाइमझोन बघ गं आधी,” असं म्हटलं होतं.

त्या मुलीला हुशारी कमी नव्हती. तिच्याजवळून जाता जाता पडद्यावर नजर टाकणारं कोणी नव्हतं, एवढंच. ऑफिसात अडलेला माणूस दिसतो. त्याचे खांदे, त्याचा थबकलेला हात, तिसऱ्यांदा चहाला उठणं, सगळं दिसतं. ऑनलाइन मात्र अडलेला आणि काम करत असलेला, दोघांच्याही नावापुढे सारखाच हिरवा ठिपका असतो. विचारायचं तर मेसेज टाईप करावा लागतो, तो टीमच्या चॅनलवर सगळ्यांना दिसतो आणि नवख्याला वाटतं की आपलं अज्ञान चावडीवर मांडलं गेलं. म्हणून ते विचारतच नाहीत.

आकडे काय सांगतात

घरून कामाच्या बाजूने बहुतेक वेळा स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांचा दाखला दिला जातो. चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये त्यांनी केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्याच कंपनीत नंतर झालेला आणि २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि बढत्यांवर परिणाम झाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पण आपल्या मातीतला पुरावाही पाहिला पाहिजे. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर प्रयोग केला. कोण घरून आणि कोण ऑफिसातून काम करणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. यातली दोन तृतीयांश तफावत पहिल्या दिवसापासूनची होती. उरलेली, ऑफिसातले लोक जास्त वेगाने शिकत गेल्यामुळे पडली. आणखी एक निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करतो. ज्यांना मुळात घरूनच काम हवं होतं, त्यांचं घरून झालेलं नुकसान २७ टक्के होतं आणि ज्यांना ऑफिस हवं होतं त्यांचं १३ टक्के. याचं एक कारण असं, की घरून काम मागणाऱ्यांत लहान मुलं किंवा इतर माणसं सांभाळणारे आणि गरीब घरांतले लोक होते. त्यांच्या घरात कामाला लागणारी शांतता आणि जागा नव्हती.

आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या १०,००० हून जास्त व्यावसायिकांच्या नोंदींचा अभ्यासही हेच दाखवतो. कोविडकाळात घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास वाढले, हातून होणारं काम वाढलं नाही. मीटिंगा वाढल्या, सलग एकाग्रतेचे तास घटले आणि वरिष्ठांशी एकास एक बोलणं कमी झालं. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनियरांवर झालेल्या एका अभ्यासात टीमजवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत असल्याचं दिसलं. त्याचा फायदा तरुणांना झाला आणि सूचना देणाऱ्या ज्येष्ठांचा स्वतःचा कोड मात्र कमी लिहून झाला. शिकवायला वेळ लागतो आणि तो वेळ ज्येष्ठांच्या कामातून जातो. आम्हा अनुभवी लोकांना घरून काम इतकं आवडतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपला बाजार

नासकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारतीय आयटी क्षेत्रात सुमारे ५८ लाख माणसं होती. त्या वर्षी नक्त भर पडली ती सव्वा लाखाच्या आसपास. अभियांत्रिकी कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांच्या तुलनेत ही संख्या फार लहान आहे. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याचा पगार दहा वर्षांहून जास्त काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकला आहे. रांग एवढी मोठी असली की कंपनीला नवख्याला शिकवण्याची गरज वाटत नाही. ती शिकलेला माणूस शोधते. रिमोट जागेच्या जाहिरातीत ‘तीन ते पाच वर्षं अनुभव’ असतो तो यामुळे. पहिली तीन वर्षं कुठून आणायची, याचं उत्तर जाहिरात देत नाही.

काही जण मग थेट परदेशी कंपनीचं कंत्राट धरतात. डॉलरमधलं बिल डोळ्यांत भरतं. पण कंत्राटी माणसाला प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, आरोग्यविमा स्वतःचा. आयकर आणि जीएसटीही स्वतःच बघायचा. चार चांगल्या नोकऱ्या करून आलेल्याने हा सौदा जरूर करावा. बाविसाव्या वर्षी तो करू नये.

तासांचंही तसंच. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आपल्या दिवाळीच्या आसपास, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपले साडेसात होतात. मार्चपर्यंत कॉल रात्री जेवणाच्या वेळेवर येतात. बायकांना त्यात दुहेरी जाच. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. घरून काम म्हणजे हाताशी असलेली सून, हे समीकरण मी अनेक घरांत पाहते.

कायदा यात अजून चाचपडतो आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजेनंतर घरून कामाची तरतूद आली, पण ती कंपनी आणि कर्मचारी दोघांच्या संमतीवर सोडलेली आहे. कर्नाटकाने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटी लेखी ठरवायला लावणाऱ्या, कायद्यातून दिलेली सूट २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांनी वाढवली. घरातली खुर्ची, वीज, इन्व्हर्टर, इंटरनेट यांचा खर्च कोणाचा, हे बहुतेकांच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं.

काय करता येईल

पहिली दोन वर्षं नवख्याला ऑफिसात जागा मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते ऑफिस बेंगळुरूतच हवं असं नाही. झोहोने तमिळनाडूत तेनकाशीजवळ खेड्यात काम नेऊन दाखवलं आहे. कर्नाटक सरकार हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यासाठी प्रोत्साहनं देतं. कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव या टापूत वीस-तीस माणसांची लहान ऑफिसं सहज चालतील. मुलांचं घरभाडं वाचेल आणि शेजारी शिकवणारं माणूसही असेल. अनुभवी लोकांना घरून कामाची मुभा द्यावी, पण ती लेखी आणि खर्चासह द्यावी. नाहीतर एका ईमेलने ती काढून घेतली जाते आणि तिच्या भरवशावर घेतलेल्या घराचा हप्ता तेवढा राहतो.

आणि शिकवण्याची वेळ कॅलेंडरवर असावी. माझ्या टीममध्ये नव्या माणसासोबत रोज एक तास ठेवलेला असतो. त्याचा पडदा उघडा, तो लिहितो, ज्येष्ठ पाहतो. अर्ध्या तासाहून जास्त अडलं तर विचारलंच पाहिजे, हा नियम आहे, म्हणून विचारण्यात कमीपणा वाटत नाही. कोडवरची सूचना ‘हे बदल’ एवढ्यावर संपत नाही, का बदलायचं ते लिहावं लागतं. त्या तासाभरात ज्येष्ठाचं काम मागे पडतं, हे मी आमच्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलेलं आहे. वार्षिक मूल्यमापनात शिकवणं हे काम म्हणूनच मोजलं जातं.

हा अंक वाचणाऱ्यांत आयटीतले अनुभवी लोक पुष्कळ असतील, पुण्यात, ठाण्यात, बेंगळुरूत आणि परदेशातही. त्यांना माझी एकच विनंती आहे. दिवाळीची सुटी संपवून लॉगिन कराल तेव्हा टीममधल्या सर्वांत नव्या माणसाच्या नावाने रोजचा एक तास कॅलेंडरवर धरा आणि तो दुसऱ्या कोणत्याही मीटिंगला देऊ नका.