ससून डॉकवरची लोखंडी कडी

होडीतून धक्क्यावर कसं उतरावं हे आमच्या दाभोळच्या पोरांना शिकवावं लागत नाही. लाट वर आली की पाय टाकायचा, नुसता हात अडकवून राहायचं नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरणाऱ्या एका २१ वर्षांच्या गोऱ्या अधिकाऱ्याने नेमकं उलट केलं. धक्क्याची लोखंडी कडी धरली, होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो विन्स्टन चर्चिल. खांदा जन्मभर अधूनमधून निखळतच राहिला. पुढे १८९८ साली सुदानात ऑमदुर्मानच्या लढाईत त्याला तलवार पेलवेना, म्हणून पिस्तूल घेतलं, आणि बहुधा त्यामुळेच वाचला!

पण मंडळी, त्याचं खरं शस्त्र लेखणी. १८९७ च्या सप्टेंबरात तो मलाकंडच्या मोहिमेवरून अलाहाबादच्या 'पायोनियर'ला आणि लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ला पत्रं धाडत होता. लगेच त्यांचं पुस्तक झालं. १८९९ मध्ये निवडणूक हरला, बातमीदार म्हणून बोअर युद्धावर गेला, कैद झाला, निसटला आणि १९०० मध्ये त्याच ओल्डहॅममधून निवडून आला. गॅलिपोलीच्या अपयशाने मंत्रिपदाबाहेर पडावं लागलं, तर १९१६ मध्ये खंदकात जाऊन पलटण सांभाळली. १९४० मध्ये पंतप्रधान, १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल.

आता गंमत पाहा. गंमत तरी कसली म्हणा! त्याच १८९७ च्या सप्टेंबरात आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 'केसरी'तल्या लिखाणासाठी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. साम्राज्य एकच, महिना एकच. एकाच्या लेखणीला पार्लमेंटची शिडी मिळाली, दुसऱ्याच्या लेखणीला तुरुंगाचं दार.

इतिहास शिकवताना मुलं हमखास विचारत, "गुरुजी, चर्चिल चांगला की वाईट?" हिटलरपुढे इंग्लंड एकटं पडलं असताना तो वाकला नाही, हे खरं. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, व्हाइसरॉय वेव्हेल धान्य मागत राहिले आणि त्याच्या सरकारने पुरेशी जहाजं दिली नाहीत, हेही खरं. मुलांना एका शब्दात उत्तर हवं असे. मी फळ्यावर दोन सनावळ्या लिहायचो, १९४० आणि १९४३, आणि सांगायचो, "दोन्ही उतरवून घ्या. एक लिहिली आणि दुसरी गाळली, तर अर्धेच मार्क."