नेसकाठी

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गोदावरीसारखी दूरवर जाणारी वाट उभी राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील नेस नदी मात्र लॉख नेस सरोवराच्या टोकाशी निघते आणि जेमतेम दहा किलोमीटरवर समुद्राला मिळते. दुपारचे जेवण उरकून निघालेला माणूस संध्याकाळपूर्वी तिचा सारा काठ चालून जाईल! तरीही तिच्या मुखाशी वसलेल्या शहराने तिचेच नाव धारण केले. तेथील गेलिक भाषेत ‘इनव्हर’ म्हणजे नदीचे मुख; इनव्हरनेस म्हणजे नेसचे मुख.

या शहरात माझी कन्या परिचारिका आहे. वसईहून तिच्याकडे गेलो तेव्हा मनात एक रुखरुख होती. “एवढ्या दूर तुला ओळखतो कोण, बाय?” असे मी तिला विचारलेही. ती नुसती हसली.

रविवारी नदीकाठच्या, १८३७ साली उभारलेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये मिस्सा ऐकून मी प्रवाह पाहत उभा राहिलो. नदी आखूड, पण दुबळी नव्हे. १८४९ च्या पुरात तिने येथील दगडी पूल नेला आणि १९८९ साली रेल्वेचा पूलही.

सहाव्या शतकात संत कोलंबा याच नदीवर आले होते. आयोनाचे मठाधिपती आदम्नान यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ती कथा आहे. जलचर श्वापदाने मारलेल्या एका माणसाचे काठावर दफन चालले होते. अशा वेळी पैलतीरावरची होडी आणण्यास कोलंबांनी लुग्ने नावाच्या सोबत्यास सांगितले. त्याने तत्काळ उडी घेतली. श्वापद त्याच्यावर झेपावताच संतांनी क्रूसाची खूण केली. ते मागे पळाले आणि लुग्ने होडी घेऊन सुखरूप परतला.

१९३३ पासून जगाने त्या श्वापदाचा शोध सरोवरात चालविला आहे. आदम्नानांची घटना नदीतली, हे फारसे कोणी आठवत नाही. लुग्नेला तर नाहीच. पण पैलतीरीची होडी त्यानेच आणली.

त्या रात्री थंडीत गळपट्टा आवळून कन्या रात्रपाळीला निघाली. खिडकीतून तिची पाठमोरी आकृती पुलावर दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. मग नकळत माझा हात कपाळाशी गेला आणि तिच्यासाठी मी क्रूसाची खूण केली. तो प्रश्न तिला पुन्हा विचारला नाही.