धोपटमार्गाचा ठेका

अनंत फंदींचा तो फटका उपदेशाचा आहे, हे मान्य. तरी त्याची पहिली ओळ, ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपटमार्गा सोडू नको’, माझ्या कानाला काही निराळंच सांगते.

ओळ तीस मात्रांची: आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा. जी वाट धरू नये ती पहिल्या सोळा मात्रांत येते. सुरुवातच तीन-तीन-दोन अशी उड्या मारत. लागोपाठ तीन शब्द ‘ट’वर आपटतात, त्यातला ‘वहिवाट’ तर ऐन टाळीवर दुभंगतो. मग धोपटमार्ग येतो तो चार-चार, बैलाच्या चालीने. तिथे छंदासाठी ‘सोडू’मधला ‘डू’ ऱ्हस्व म्हणावा लागतो. सरळ चालायला सांगतानाच आपलं शुद्धलेखन आडवाटेला लागतं! शाळेत आमचा वर्ग पहिल्या भागावर बाक बडवायचा, आणि धोपटमार्गाशी आला की आवाज पडायचा.

फंदी (1744–1819) संगमनेरचे. तिथून पुण्याला निघालं की चंदनापुरीचा घाट चढावाच लागतो, म्हणजे त्यांचा हमरस्ताही काही सोपा नव्हे. आणि काळ कसला! 1802 साली होळकरांची फौज पुण्यावर चालून आली, पुढे पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. आडवाटेला लुटारू, म्हणून हा सल्ला मुळात वाटसरूंसाठीच असावा असं मला वाटायचं. पण फौजांना तोफा ओढायच्या असतात. त्या मळलेल्या रस्त्यानेच येणार. त्या रस्त्यावरच्या गावांना हा फटका कसा ऐकू आला असेल?

अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर उपदेश कीर्तनातला आणि ठेका मात्र फडावरचा राहिला, असं म्हणायचा मोह होतो. की हे माझेच खेळ? तीस मात्रांचा साचा काय, कुठलाही मजकूर वाहून नेतो. रॉबर्ट फ्रॉस्टच्या 1915 सालच्या दोन वाटांच्या कवितेतही लोक धाडसाचा संदेश शोधतात. कवितेत दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या आहेत. मीही तसंच, नसलेलं काही ऐकत असेन.

ओळ तुम्हाला पाठ असेलच. मांडीवर ताल धरून एकदा मोठ्याने म्हणा, आणि हात कुठे जोरात पडतो ते मला कळवा.