डेव्हिस धरणाचा घाट

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना आणि नेवाडा या राज्यांची सीमा काही अंतर कोलोरॅडो नदीच राखते. डेव्हिस धरणाच्या खाली पूर्वेच्या काठावर बुलहेड सिटी आहे आणि समोरच्या काठावर लाफलिन. हिवाळ्यात पूल ओलांडून लाफलिनला गेले की घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. उन्हाळ्यात दोन्ही काठांवर वेळ एकच आणि ऊनही एकच. पारा 45 अंश सेल्सिअसच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. धरणापासून राज्य महामार्ग क्रमांक 68 पूर्वेकडे निघतो आणि ब्लॅक माउंटन्स नावाच्या उघड्याबोडक्या डोंगररांगेवर चढू लागतो. सुमारे 12 मैलांत तो जवळजवळ 3,000 फूट उंची गाठतो. आंबा घाट किंवा खंबाटकी पाहिलेल्या माणसाला याला घाट म्हणावेसेही वाटणार नाही. केसाच्या पिनेसारखी वळणे नाहीत, झाडी नाही, धबधबा नाही. रुंद, गुळगुळीत रस्ता सरळ वर जात राहतो. त्याचा कठीणपणा नेमका तेथेच आहे, कारण इंजिनाला मध्ये कोठेही उसंत मिळत नाही.

म्हणूनच अमेरिकेतील वाहनांच्या ओढण्याच्या शक्तीची परीक्षा या घाटात घेतात. अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली ‘जे 2807’ नावाची एक कसोटी आहे. पायथ्याशी निदान 100 अंश फॅरनहाइट तापमान असावे, गाडीतील वातानुकूलन यंत्र पूर्ण जोरात चालू असावे, आणि मागे ट्रेलर जोडलेल्या पिकअप ट्रकने हा चढ ताशी 40 मैलांच्या खाली न येता चढून दाखवावा. मागच्या आसावर चार चाके असलेल्या ट्रकला 35 मैलांची सूट आहे. ही कसोटी येण्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपला आकडा आपल्याच मापाने ठरवत असे. टोयोटाने 2011 च्या टुंड्रापासून ती प्रथम मान्य केली, इतर मोठे उत्पादक पुढच्या काही वर्षांत वळले. आज विक्रीच्या पुस्तिकेत ‘इतके हजार पौंड ओढतो’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, त्यामागे हा ओसाड डोंगर उभा असतो.

त्या ठळक आकड्यावर विसंबून एक मराठी दांपत्य एका नोव्हेंबरात फिनिक्सहून निघाले होते. गृहस्थांचे बालपण सांगलीत हळदीच्या अडत दुकानात गेलेले. पुढे शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आले आणि तेथेच स्थिरावले. निवृत्तीनंतर घर लहान करावे, हिवाळा नदीकाठी आणि उन्हाळा उत्तरेच्या थंड प्रदेशात काढावा, असा दोघांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी 40 फूट लांबीचे फिफ्थ-व्हील ट्रेलर घेतले. त्यात शयनगृह, न्हाणीघर आणि उभे राहून पोळ्या लाटता येतील असे स्वयंपाकघर. बाईंच्या दृष्टीने सगळ्या व्यवहाराचा गाभा हे स्वयंपाकघरच होते. प्रवासात बाहेरच्या जेवणाची जी विवंचना अशा घरांना असते, तीच यातून संपणार होती. सूर्यास्तापूर्वी कोठेही थांबावे आणि आपल्या घरचे जेवावे.

‘पाचवे चाक’ हे नाव ऐकून चाके मोजण्याचा मोह होतो, पण ते चाक जमिनीला लागत नाही. जुन्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चार चाकांवरचे ते पाचवे. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या एका लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी उन्हाळी मुक्कामी न्यायची होती. ऑगस्ट फ्रूहाऊफ या लोहाराने फोर्ड मोटारीमागे जोडण्यासाठी त्याला एक गाडा करून दिला. व्यापाऱ्याच्या लगेच ध्यानात आले की होडी जाते तर लाकूडही जाईल, आणि त्याने वखारीसाठी तसेच गाडे करून घेतले. अशा गाड्याचा पुढचा भार ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवर टेकतो. आजच्या मोठ्या मालट्रकची आणि या फिरत्या घरांचीही जोडणी त्याच तत्त्वावर चालते. ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच जाडीचा पोलादी खुंटा असतो, त्याला किंगपिन म्हणतात. ट्रकच्या हौद्यात मागच्या आसाच्या माथ्यावर किंवा किंचित पुढे हिच बसवलेला असतो. हिचचा जबडा हा खुंटा चहूबाजूंनी पकडतो.

ज्याने भरलेली बैलगाडी पाहिली आहे त्याला यापुढचे गणित समजावून सांगावे लागत नाही. पोती मागे जास्त रचली तर गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते. पुढे जास्त रचली तर सारा भार मानेवर येतो. हमाल पोते ठेवताना नजरेनेच तोल साधतो. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा किंगपिनवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागे डोलू लागतो. म्हणजे 14,000 पौंडांचे घर ओढायचे तर सुमारे 3,000 पौंड ट्रकच्या पाठीवर घ्यावेच लागतात. पुस्तिकेतील ठळक आकडा ओढण्याचा असतो. पाठीवर किती पेलवेल हा आकडा वेगळा, आणि तो पुस्तिकेत नव्हे तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लहानशा चिकटपट्टीवर असतो. तीच त्या विशिष्ट ट्रकची खरी खतावणी म्हणायची.

या दांपत्याचा ट्रक ‘पाऊण टनी’ वर्गातला होता. ही नावे जुन्या काळची आहेत आणि आजच्या वजनांशी त्यांचा मेळ नाही. इंजिन डिझेलचे, ताकद अफाट, ओढण्याचा आकडा 18,000 पौंड. विक्रेत्याने पाठ थोपटून सांगितले होते की हा ट्रक डोंगर ओढील. ते खोटे नव्हते. परंतु या वर्गातील अनेक ट्रकांना भारासह एकूण वजनाची 10,000 पौंडांची मर्यादा असते, आणि डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरेच जड असते. जितके बलवान इंजिन घ्यावे तितकी पाठीवरची जागा कमी होत जाते. ग्राहकाला हे उमगेपर्यंत बहुधा पैसे मोजून झालेले असतात. या ट्रकच्या पट्टीवर 2,300 पौंड लिहिले होते.

ती पट्टी बाईंनी वाचली, तीही निघण्याच्या आदल्या दिवशी. दुकानाच्या जमाखर्चात त्यांचे आयुष्य गेलेले नव्हते, पण घराचा हिशेब चाळीस वर्षे त्यांच्याच हाती होता. “अहो, हे ओढायचं झालं. उचलायचं कुणी बघितलंय का?” एवढेच त्या म्हणाल्या. गृहस्थांना पुस्तिकेवर भरवसा होता. तरीही त्यांनी शेजारच्या ट्रक थांब्यावर नुसत्या ट्रकचे वजन करून चिठ्ठी जपून ठेवली: दोघे माणसे, हिच, सामान आणि भरलेली टाकी धरून 8,360 पौंड.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडून ते महामार्ग 93 ने वाळवंट ओलांडत किंगमनला पोचले. पुढे गोल्डन व्हॅली, मग युनियन खिंड, आणि खिंडीपलीकडे तोच 12 मैलांचा घाट. फरक इतकाच की चाचणीचे ट्रक तो चढतात आणि यांना तो उतरायचा होता. किंगमनला मालट्रकांचे मोठे थांबे आहेत आणि तेथे वजनकाटे आहेत. या काट्याला स्वतंत्र पाट असतात: पुढची चाके एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. थोड्या डॉलरांत छापील चिठ्ठी मिळते. तिच्यावर पुढचा आस 4,880, मागचा आस 6,680, ट्रेलरचे आस 11,400 असे आकडे आले. ट्रकच्या दोन आसांची बेरीज 11,560; आदल्या दिवशीची 8,360. म्हणजे घराचे 3,200 पौंड, सुमारे 1,450 किलो, ट्रकच्या पाठीवर आले होते. ट्रकची मर्यादा 10,000. भार तिच्यापेक्षा 1,560 पौंडांनी अधिक. मागच्या आसाची स्वतःची 6,200 ची मर्यादाही ओलांडली गेली होती. ओढण्याच्या आकड्यात मात्र अजून तीन हजारांहून अधिक पौंड शिल्लक दिसत होते.

फोनवर विक्रेत्याने उपाय सुचवला की मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या जोडाव्यात. पिशव्यांनी खाली बसलेला ट्रक वर उचलला जातो हे खरे. पण आस, चाके आणि ब्रेक तेच राहतात आणि दारावरचा आकडा एका पौंडानेही बदलत नाही. गृहस्थ काही वेळ चिठ्ठी हातात घेऊन उभे राहिले. समोर दुपार होती, घाट अर्ध्या तासावर होता, आणि नदीकाठच्या तळावर जागेचे पैसे भरलेले होते. बाईंनी विचारले, “उतारावर ब्रेक तापले तर?” त्यांनी उत्तर दिले नाही. ट्रेलर त्यांनी किंगमनच्याच तळावर उतरवला.

तो एक दिवस त्यांनी मोकळ्या ट्रकने जुन्या रूट 66 वर घालवला. हा रस्ता त्याच डोंगररांगेतून सिटग्रीव्हज खिंडीने जातो. येथे मात्र घाटाची सगळी लक्षणे आहेत: कठड्याविना वळणे, खाली दरी, आणि 40 फुटांहून लांब वाहनास मनाईची पाटी. पलीकडे ओटमन हे खाणकामगारांचे जुने गाव लागते. सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर तेथील गाढवे मोकळी सुटली. त्यांची संतती आज भर रस्त्यात उभी राहून प्रवाशांच्या खिशांचा वास घेते. बाई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण हा शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकला होता, तो जनावरांच्या संदर्भात. परत येताना त्यांनी गृहस्थांना सांगितले, “ट्रक बदलायचाच. घर लहान करायचं नाही.”

बदललेला ट्रक ‘एक टनी’ वर्गातला, मागे चार चाकांचा. एकूण मर्यादा 14,000 पौंड, रिकामा 8,600. तेव्हा पाठीवर 5,400 पेलण्याची मुभा. खुंट्याचे 3,200, दोघे माणसे, हिच आणि सामान धरूनही दीड हजार पौंड मोकळे राहत होते. या व्यवहारात पैसे गेले, आणि थोडे नव्हेत. चार चाकांचा ट्रक गावातल्या वाहनतळात मावत नाही, तो धुवायला दुप्पट वेळ लागतो. या तक्रारी गृहस्थ अजूनही करतात.

हिचची निवड त्यानंतर सोपी झाली. ट्रकचा हौदा आठ फुटी होता. साडेसहा फुटी हौद्यात अरुंद वळणावर ट्रेलरचे नाक चालकाच्या केबिनला लागू शकते, म्हणून तेथे मागे सरकणारा हिच घेतात. तो जड असतो आणि सांभाळायला अधिक. लांब हौद्याला स्थिर हिच पुरतो. या ट्रकला हौद्याच्या तळाशी चार खाचा कारखान्यातूनच होत्या, त्यांत हिच बसतो आणि गरज नसताना काढून ठेवता येतो. मधल्या गोळ्यावर ट्रेलर टेकवणारा लांब मानेचा जोड स्वस्त पडला असता. पण त्याने ट्रेलरच्या सांगाड्यावर तरफेचा ताण वाढतो आणि काही उत्पादक अशा जोडावर हमी देत नाहीत. तो विचार त्यांनी सोडून दिला.

जोडणीचा एक प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे. पहिल्याच सकाळी खुंटा जबड्यात शिरण्याऐवजी त्याच्या माथ्यावर टेकला होता. वरून पाहिले तर सारे नीट दिसत होते. अशा स्थितीत ट्रक पुढे गेला की ट्रेलर निसटून हौद्याच्या काठांवर कोसळतो. त्यांना शिकवलेली रीत अशी होती: तारा आणि सुटल्यास ब्रेक लावणारी दोरी जोडावी, ट्रेलरचे पाय जमिनीपासून जेमतेम उचलावेत, ट्रेलरचे ब्रेक हातानेच दाबून धरावेत, आणि ट्रक हलकेच पुढे ओढून पाहावा. ओढताच खडखडाट झाला, ट्रेलर इंचभर खाली येऊन पायांवर टेकला. बाईंनी विजेरीने जबड्यात पाहिले आणि हाताने थांबण्याची खूण केली. दुसऱ्या खेपेस जबडा बंद झाल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

किंगमनच्या काट्यावर पुन्हा चिठ्ठी घेतली. बाईंनी ती पहिल्या दोन चिठ्ठ्यांना टाचून वहीत ठेवली. युनियन खिंड ओलांडल्यावर रस्ता एकदम उतरू लागतो आणि दूर खाली नदीची निळी रेघ दिसते. ब्रेक सुटलेल्या वाहनांसाठी बाजूला खडीने भरलेल्या चढत्या वाटा काढलेल्या आहेत. गृहस्थांनी खालचा गिअर धरला, डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक चालू केला आणि पायाचा ब्रेक अधूनमधूनच वापरला. मागचे घर ट्रकला ढकलत नव्हते, ट्रकच त्याला धरून उतरवीत होता. समोरून वर येणाऱ्या रांगेत एक ट्रक मोठा ट्रेलर घेऊन संथपणे चढताना दिसला. तो चाचणीचा होता की कोणाचा घरसंसार, हे कळायला मार्ग नव्हता.

नदीकाठच्या तळावर ते पोचले तेव्हा दिवस मावळायला अजून तासभर होता. ट्रेलर समतळ करून झाल्यावर बाईंनी शेगडी पेटवली.