त्याला खाली का बसवलंस?

चि. मनूस,


परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस आणि मी नुसती 'हं हं' करत राहिले, कारण इकडे कुकर चढवलेला होता. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तानाजीची गोष्ट ऐकून चौथीतलं पोरगं उभं राहून विचारतं, 'बाई, घोरपडीला माणसाचं वजन कसं पेललं?' आणि तू, माझी भाची, त्याला म्हणतेस, 'इतिहासात असलं विचारायचं नसतं, बस खाली.' वर मलाच ऐकवतेस, 'मावशी, या वयात गोष्टी पुरेत. खरं काय ते मोठेपणी कळेल.'

मोठेपणी काय कळतं ते आपण रोज बघतोच आहोत. नवव्या वर्षी ज्याला विचारू दिलं नाही, तो एकोणिसाव्या वर्षीही विचारत नाही. फक्त आवाज चढवतो.

बरं, उत्तर तुझ्याजवळ नव्हतं असंही नाही. सभासदाची बखर तू डी.एड.ला असताना माझ्याच कपाटातून नेलीस. (अजून परत आलेली नाही. असो.) कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली, 1697 च्या सुमारास. म्हणजे तानाजी पडल्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. तिच्यात घोरपड नाही. निवडलेले दोन मावळे रात्री वानरांसारखे कडा चढून गेले, त्यांनी माळ, म्हणजे शिडी, लावली आणि तीवरून तानाजी नि बाकीचे वर गेले, एवढंच आहे. घोरपड आहे ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. आता तूच सांग, त्या पोराला काय जास्त भावलं असतं? काळोखात नुसत्या हातापायांनी कडा चढणारी दोन माणसं, आणि त्यांची नावंही सभासद सांगत नाही!

पोवाडा नको असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या अण्णांचा डफ ऐकत वाढलेली आहे मी. पोवाडा जरूर म्हणा, खड्या आवाजात म्हणा. पण दुसऱ्या दिवशी बखरीतला तो मजकूर सोप्या मराठीत लिहून पोरांच्या हातात दे, आणि फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न कायमचे लिहून ठेव: कोणी लिहिलं? कधी लिहिलं? त्याला कसं कळलं?

आणि गडाचं नाव. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहून मार्क घेतले. तानाजी पडला 1670 च्या फेब्रुवारीत. 'सिंहगड' हे नाव शिवाजीमहाराजांच्या 1663 च्या पत्रात आहे. दोन्ही सालं फळ्यावर एकाखाली एक लिही आणि गप्प उभी राहा. वजाबाकी चौथीला येते. तानाजीचं त्यात काही कमी होत नाही. पोरांना मात्र कळतं की सनावळी पाठ करायला नसते, पडताळायला असते.

लहान मुलांना खरं वाचायला आवडत नाही हे ठरवलं कुणी? हीच मुलं डायनासोरची अवघड नावं घडाघडा म्हणतात. तुमच्या वाचनपेटीत काय आहे ते मी गेल्या दिवाळीत पाहिलं. पऱ्या, बिरबल, आणि चरित्रं म्हणावीत तर त्यांतले थोर पुरुष पाळण्यातूनच थोर. एकानेही कधी पाटी फोडली नाही की आईचा मार खाल्ला नाही.

माझ्या वर्गात मी काय वाचायला लावायची ते आठवतं का? महाराजांचं 1674 चं पत्र. राज्याभिषेक तोंडावर आलेला, आणि हा राजा चिपळूणजवळच्या छावणीतल्या लोकांना बजावतोय की दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, रयतेला त्रास देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. घरात उंदीर नाही असं माझ्या वर्गात एक पोर नव्हतं. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या आयांना पोरांनी रात्री दिवे मालवायला लावले. तलवारी उपसून केलेल्या नाटुकल्यांनी असं काही घडल्याचं मला आठवत नाही.

सावित्रीबाईंचंही तेच. 3 जानेवारीला लुगडी नेसवून, शेणाचे गोळे दाखवून आपण मोकळे. पण त्यांच्या शाळेत शिकून मुली काय लिहू लागल्या? मुक्ता साळवे, वय वर्षं चौदा. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा वर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती विचारते. एवढा तुकडा तरी चौथीच्या मुलींना स्वतः वाचू दे. मोठ्यांनी त्यावर भाषण करू नये.

हे सगळं लिहिलं खरं, पण आता वेगळीच धास्ती वाटायला लागली आहे. तो पोरगा घरी जाऊन म्हणाला, 'घोरपड खोटी, आमच्या बाईंनी सांगितलं,' तर? त्याचे वडील कोण आहेत, कसे आहेत? तुमच्या त्या पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत काय होईल? मी पेन्शनीत बसले आहे, मला कोण काय करणार? तू अजून कायमसुद्धा झालेली नाहीस. तेव्हा नीट ऐक. 'खोटी' हा शब्द वर्गात उच्चारू नकोस. 'पोवाड्यात आहे, बखरीत नाही' एवढंच म्हण. बखर दप्तरात ठेव, पानावर खूण घालून. मजकूर वाटण्याआधी मोठ्या बाईंना दाखव. आणि हे पत्र फोटो काढून कुठे टाकू नकोस, तुझ्या आईलासुद्धा नाही. तिच्याकडून ते कुठे जाईल ते तिलाही कळायचं नाही.

आणि त्या कागदाखाली 'सोप्या मराठीत लिहिले' म्हणून स्वतःचं नाव घालू नकोस. नाही, थांब, घालच. कोणी लिहिलं हे पोरांनी विचारायचं, असं मीच वर सांगितलंय. पण आधी मोठ्या बाईंची सही घे.

तुझी,
मावशी